‘ग्लुटेन-फ्री खान्देशी थाळी’च्या पाटीवर विसंबू नका

आपल्या खान्देशात सीलिअ‍ॅक (गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन न चालणारा आतड्याचा आजार) असलेल्या माणसाचे खाण्याचे हाल व्हायचं खरं तर कारणच नाही. कळण्याची भाकरी, बाजरीची भाकरी, भरीत, फुनके, ज्वारीची बिबडी, ठेचा; गव्हाशिवायचं जेवण आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. 2023 च्या भरडधान्य वर्षानंतर हॉटेलवाल्यांनाही या भाकरीची किंमत कळली आणि हायवेवर पाट्या लागल्या. अशाच एका ‘ग्लुटेन-फ्री खान्देशी थाळी’ने माझ्या मुलीला अंथरुणाला खिळवलं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मुलगी नववीत आहे. तिला सीलिअ‍ॅक असल्याचं रक्ततपासणीत आणि एंडोस्कोपीत पक्कं झालेलं आहे. यावर औषध नाही. गहू, जव आणि राय (गव्हासारखं एक धान्य, मोहरी नव्हे) जन्मभर बंद, हाच उपचार. थोडंसं जरी पोटात गेलं तरी आतड्याच्या अस्तराला इजा होते, वरून त्रास दिसो वा न दिसो.

धुळ्याहून जळगावला परतताना आम्ही त्या हॉटेलात थांबलो. बसण्याआधीच मी मॅनेजरला स्पष्ट विचारलं, भाकरीत गव्हाचं पीठ घालता का? तो म्हणाला, “नाही हो ताई, शंभर टक्के प्युअर. शुगरचे पेशंट मुद्दाम येतात आपल्याकडे.” साध्या थाळीपेक्षा ही थाळी ऐंशी रुपयांनी महाग होती.

बाजरीची भाकरी आली. पहिला घास मोडतानाच मला शंका आली, कारण ती तुटण्याआधी ताणली गेली. निव्वळ बाजरीच्या भाकरीच्या कडा तडकलेल्या असतात आणि मोडली की ती लगेच तुटते. पिठाला चिवटपणा येतो तो ग्लुटेनमुळे, आणि बाजरी-ज्वारीत ते नसतंच. मुलीचे तोवर चार घास खाऊन झाले होते. तिचं ताट बाजूला सारलं आणि मी तडक भटारखान्यात गेले. भाकरी थापणारी बाई परातीत पीठ मळत होती. शेजारी दोन डबे उघडे होते, एकात बाजरीचं करडं पीठ आणि दुसऱ्यात कणीक. मी विचारल्यावर तिने काही न लपवता सांगितलं, “गहूनं पीठ टाकनं पडस ताई, नही ते भाकर तुटी जास. शेठनी सांगेल शे.” त्या माउलीला मी काय बोलणार! बाजूच्या तव्यावर चपात्या चालू होत्या आणि भाकरीही त्याच तव्यावर पडत होती.

मॅनेजरचं उत्तर होतं, “एवढ्याशानं काय होतं?”

रात्रीपासून मुलीला पोटात कळा, उलट्या, जुलाब सुरू झाले. नंतर तोंड आलं. शाळा बुडाली ती वेगळीच. पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ छापायचं असेल तर एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमाप्रमाणे एक किलो पदार्थात 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. चिमूटभर कणकेनेही एका भाकरीत ही मर्यादा ओलांडली जाते, आणि इथे तर मूठमूठ घालत होते. लोकांच्या आजारावर ऐंशी रुपये जास्तीचे लावायचे आणि तोंडावर खोटं बोलायचं, याचा मला अजूनही संताप येतो.

म्हणून सांगते, ‘ग्लुटेन-फ्री आहे का’ असं विचारूच नका, ‘हो’ हेच उत्तर मिळतं. थापताना कोरडं पीठ कोणतं लावता? तवा चपातीचाच आहे का? बाजरी कुठे दळता, त्या गिरणीत आधी गहू दळला जातो का? शेवभाजीचा रस्सा दाट करायला काय घालता? भजी आणि पुऱ्या एकाच तेलात तळता का? हे विचारा, आणि जमलं तर मॅनेजरऐवजी भाकरी करणाऱ्या बाईलाच विचारा. हिंगाचा डबा मागून वाचा. बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा कणीक असते आणि फोडणीतून ती वरणातही जाते. चायनीज मागवत असाल तर सोया सॉसमध्येही गहू असतो. आम्ही आता प्रवासात भाकरी घरून नेतो आणि बाहेर फक्त दही, साधा भात घेतो.

कोणी फसवलंच तर बिल टाकू नका. बिलावर 14 अंकी परवाना क्रमांक असतो, तक्रारीत तोच कामाला येतो. पाटीचा आणि मेनूकार्डाचा फोटो तिथेच काढून घ्या, नंतर पाटी उतरवली जाऊ शकते. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा एफएसएसएआयच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’वर करता येते. ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. आम्ही तक्रार दिली आहे, बिल आणि डॉक्टरांचे कागद जोडून. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं असेल तर घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, तेव्हा कागद तोवर जपून ठेवा.