मैत्री की भारती? अंटार्क्टिकातला हिवाळा कुठे काढावा

हिवाळी तुकडीत नाव लागण्याची शक्यता दिसली की घरचे पहिला प्रश्न विचारतात तो थंडीचा. पण थंडीवरून मैत्री आणि भारती या भारताच्या दोन संशोधन ठाण्यांत निवड करण्यात फारसा अर्थ नाही. दोन्ही ठाणी ७० अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास आहेत, दोन्ही बर्फाच्या चादरीच्या कडेला, उघड्या खडकावर. मे अखेरपासून जुलैपर्यंत दोन्हीकडे सूर्य उगवत नाही; मैत्रीत थोडे दिवस जास्त. अस्सल बर्फावरचा हिवाळा म्हणजे फ्रान्स आणि इटलीचं कॉन्कॉर्डिया ठाणं. ३,२०० मीटरहून जास्त उंची, विरळ हवा, उणे ८० च्या घरात जाणारा पारा आणि जेमतेम डझनभर माणसं. त्या मानाने आपली ठाणी सुखवस्तूच म्हणायची. पाहायचं ते वेगळंच: पाणी कुठून येतं, सामान कसं येतं आणि तुमच्या हातात कोणतं काम आहे.

मैत्री १९८९ पासून चालू आहे. त्याआधीचं दक्षिण गंगोत्री ठाणं समुद्रावर तरंगणाऱ्या हिमफळीवर होतं, ते बर्फाखाली गाडलं गेलं. म्हणून मैत्री शिर्माकर ओअॅसिस या बर्फ नसलेल्या पट्ट्यातल्या खडकावर, लोखंडी खांबांवर उभी केली. वास्तू जुनी झाली आहे, मैत्री-२ ची योजनाही जाहीर झाली आहे, आणि जुन्या घरात जे होतं ते सगळं इथे होतं. आज हीटर बिघडला, उद्या पाइप. पाणी प्रियदर्शिनी तलावातून येतं. हिवाळ्यात तलावाचा वरचा थर गोठतो, खालचं पाणी पंपाने ओढून गरम ठेवलेल्या पाइपातून ठाण्यात आणतात. ती ऊब गेली की पाइप गोठणार, मग हुद्दा कोणताही असो, वाऱ्यात बाहेर पडावंच लागतं.

सामानाची कथा याहून मोठी. जहाज थांबतं ते हिमफळीच्या कडेला, ठाण्यापासून सुमारे १०० किलोमीटरवर. तिथून इंधनाच्या टाक्या आणि कंटेनर स्लेजवर लादून, चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्यांनी ओढत आणायचे. वाटेत भेगा, आणि वारा सुटला की पुढची गाडीही दिसत नाही. मेकॅनिक, वेल्डर, ड्रायव्हर असाल आणि हातातल्या कामाची खुमखुमी असेल, तर माझं मत सरळ मैत्रीला.

भारती ठाणं २०१२ मध्ये चालू झालं, लार्समन टेकड्यांत, मैत्रीपासून सुमारे ३,००० किलोमीटरवर. १३४ कंटेनर जोडून त्यावर बाहेरून कवच चढवलंय, त्यामुळे निजायच्या खोल्या, प्रयोगशाळा, स्वयंपाकघर, दवाखाना सगळं एका छपराखाली. समुद्र शेजारीच, म्हणून खारं पाणी ओढून आरओने गोडं करतात. जहाजही बरंच जवळ येऊ शकतं. इस्रोचं उपग्रहांची माहिती उतरवून घेणारं केंद्र इथेच आहे, तेव्हा इलेक्ट्रॉनिक्स किंवा दळणवळणवाल्यांना भारती जास्त मानवेल. पेंग्विन आणि सील पाहायची हौस असेल तरीही भारतीच. मैत्रीभोवती समुद्र नाही, नुसता खडक आणि बर्फ.

एकाच छपराखाली राहण्याला दुसरी बाजूही आहे. बाहेर पडायचं निमित्तच कमी होतं आणि जूननंतर तीच पंचवीसेक तोंडं जास्तच दिसू लागतात. मैत्रीतली सततची दुरुस्ती कटकटीची खरी, पण ती माणसाला गुंतवून ठेवते. हा मुद्दा मला खोल्यांच्या नवेपणापेक्षा मोठा वाटतो. गॅली ड्यूटी, म्हणजे स्वयंपाकघरातली पाळी, मात्र दोन्हीकडे सुटत नाही. शास्त्रज्ञालाही भांडी घासावी लागतात.

भूचुंबकत्व किंवा हवामानाची निरीक्षणं घ्यायला जाणार असाल तर फारसा फरक नाही. नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या वेधशाळा दोन्हीकडे आहेत, हवामान खात्याची माणसंही.

आजारपणाचं गणित मात्र दोन्हीकडे सारखंच कठोर. उन्हाळा संपला की विमान नाही, जहाज नाही. मैत्रीपासून चारपाच किलोमीटरवर रशियाचं नोव्होलाझारेव्हस्काया आहे. एप्रिल १९६१ च्या अखेरीस तिथला २७ वर्षांचा डॉक्टर लिओनिद रोगोझोव्ह याचं अपेंडिक्स सुजलं. ठाण्यावर दुसरा डॉक्टर नव्हता. त्याने स्वतःच्या पोटाला भूल दिली, एकाला आरसा धरायला लावला, दुसऱ्याला हत्यारं द्यायला, आणि अर्धवट पडल्या पडल्या चिरा घेतला. आरशात सगळं उलटं दिसत होतं, म्हणून बराचसा भाग त्याने नुसत्या बोटांच्या अंदाजाने केला. दोन आठवड्यांत तो कामावर हजर झाला. आज सॅटेलाइटवरून सल्ला मिळतो, पण चिरा घेणारे हात ठाण्यावर असतील तेवढेच. भारतीजवळ चीनचं झोंगशान आणि रशियाचं प्रोग्रेस असल्याने शेजार थोडा मोठा, एवढाच काय तो दिलासा. निघण्याआधीची दिल्लीच्या एम्समधली तपासणी म्हणूनच कसून होते. पित्ताचे खडे, दुखरी दाढ असलं काही लपवू नका.

वर्षाहून जास्त मुक्काम आहे, तेव्हा घरच्यांशी संपर्काचंही ठरवून ठेवा. २०२४ मध्ये भारतीत टपाल कार्यालय सुरू झालं, तेही महाराष्ट्र सर्कलच्या अखत्यारीत, एमएच-१७१८ अशा पिनसह. मैत्रीत ते १९९० पासून आहे. हिवाळ्यात पत्र कुठलं हलायला, पण टपाल तिकिटं जमवणारं कोणी घरात असेल तर शिक्क्यासाठी पाकिटं सोबत न्यायला विसरू नका.

शेवटचा शब्द अर्थात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचा. तरीही कोणी पसंती विचारलीच, तर हाताने काम करणाऱ्याने मैत्री सांगावं आणि पडद्यासमोर बसणाऱ्याने भारती. स्वयंपाक्याने मात्र डोळे झाकून भारती.