अमिगा १२०० साठी ‘रेडीमेड’ सीएफ कार्ड घेताय? आधी हे वाचा

जुन्या अमिगा १२०० ला (कमोडोर कंपनीचा घरगुती कॉम्प्युटर) आतून बसवायचं म्हणून ऑनलाइन साइटवर जे रेडीमेड किट विकतात ना, म्हणजे सीएफ (कॉम्पॅक्ट फ्लॅश) मेमरी कार्ड, अडॅप्टर, छोटी केबल आणि कार्डात वर्कबेंच (अमिगाची सिस्टम) आधीच टाकलेलं, नुसतं लावा आणि मशीन चालू करा, त्यात मला व्यवस्थित चुना लागलाय. पैसे गेले ते गेलेच, पण गंडवायची पद्धत समजून घ्या, कारण विकणाऱ्याने जी जी कारणं सांगितली ती सगळी एरवी खरी असतात. फक्त इथे त्यातलं एकही लागू नव्हतं.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. १२०० हे १९९२ चं मशीन, मदरबोर्डवरच ४४ पिनचा आयडीई कनेक्टर आहे, अडीच इंची हार्डडिस्कसाठी. त्या काळातल्या डिस्क आता एकतर मेल्यात नाहीतर खरखर करत त्याच वाटेवर आहेत. सीएफ कार्ड तिथे चालतं कारण त्यात ट्रू आयडीई नावाचा मोडच आहे, एक ठराविक पिन ग्राउंड केली की कार्ड स्वतःला हार्डडिस्क म्हणवून घेतं. त्यामुळे मधल्या अडॅप्टरला काही डोकं लागत नाही. आमच्या विक्रेत्याने मात्र त्यालाच “खास अमिगासाठी ट्यून केलेला कंट्रोलर” म्हणून वेगळे पैसे लावले होते. हातात आल्यावर बघतो तर बोर्डवर दोन कनेक्टर, एक एलईडी, मास्टर-स्लेव्हचा जंपर आणि दोन-चार बारीकसारीक पार्ट, चिप एकही नाही. उजेडात धरलं की रेषा या कनेक्टरमधून निघून सरळ त्या कनेक्टरमध्ये जाताना दिसतात. ट्यून काय केलं होतं देव जाणे.

पण तो किरकोळ भाग. खरा खेळ कार्डात होता. लेबलवर नावाजलेली कंपनी, ३२ जीबी, आणि वर्णनात “इंडस्ट्रियल एसएलसी”. आता एसएलसी म्हणजे एका सेलमध्ये एकच बिट, टिकाऊ असतं आणि म्हणूनच साध्या कार्डापेक्षा कितीतरी महाग असतं. एवढं स्वस्त कसं विचारलं तर उत्तर आलं, सर जुना लॉट आहे, क्लिअर करतोय. वरून स्पीडचे मोठमोठे आकडे, ज्याचा १२०० ला काडीचा उपयोग नाही, तिची आयडीई सेकंदाला जेमतेम दोन-तीन एमबी ओढते.

लावलं तेव्हा मस्त चाललं. दोन पार्टिशन होती, डीएच० पाचशे एमबीची सिस्टमसाठी आणि डीएच१ अडीच जीबीची, बाकीची जागा रिकामी सोडलेली. पीसीएमसीआयएमधून (मशीनची कार्ड घालायची खाच) गेम कॉपी करायला लागलो आणि डीएच१ धड भरलीही नव्हती तोच डीएच० गडबडायला लागली, आधी चेकसम एरर, मग आयकॉन गायब, मग एकदा रीसेट केलं तर थेट फ्लॉपी मागणारी स्क्रीन. म्हणजे मी लिहितोय एका पार्टिशनवर आणि मरतंय दुसरं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाचं आहे.

विक्रेत्याचं पहिलं उत्तर: सर तुमचं किकस्टार्ट (मशीनच्या रॉम चिपमधली मूळ सिस्टम) जुनं आहे, चार जीबीची लिमिट असते. असतेच की! किकस्टार्ट ३.० आणि ३.१ चा स्कझी डिव्हाइस (नाव स्कझी असलं तरी आयडीई डिस्कही हाच ड्रायव्हर चालवतो) डिस्कवरचा पत्ता ३२ बिटांत बाइटने मोजतो, चार जीबी संपले की जुन्या स्कूटरच्या किलोमीटर मीटरसारखा परत शून्यावर येतो, आणि तुम्ही शेवटी लिहिलेलं कार्डाच्या सुरुवातीला जाऊन पडतं, जिथे पार्टिशनची सगळी माहिती असते. लक्षणं अगदी हीच. मोठ्या डिस्कची सोय थेट किकस्टार्टमध्येच २०१८ साली ३.१.४ मध्ये आली. पण एचडीटूलबॉक्समध्ये (अमिगाचा पार्टिशन करायचा प्रोग्राम) बघितलं तर माझी दोन्ही पार्टिशन तीन जीबीच्या आतच संपत होती, त्यानेच तशी केली होती! मग चार जीबीचा प्रश्न येतोच कुठे?

हे दाखवलं तर गाडी मॅक्सट्रान्सफरवर, म्हणजे एका दमात किती डेटा हलवायचा त्या सेटिंगवर. ते मोठं असेल तर सीएफ कार्डवर फाइली खराब होतात, हेही खरंच. १३०५६० बाइट म्हणजे २५५ सेक्टर ठेवायचं असतं. ते करून, दोन्ही पार्टिशन फॉरमॅट करून सगळं परत टाकलं, परत तेच. आणि तसंही त्याने मोठ्या फाइलमधला डेटा बिघडतो, शेजारच्या पार्टिशनचं बारसं-बारावं होत नाही. मग केबल उलटी लावली असेल, मग पॉवर सप्लाय जुना असेल, मग व्हिडिओ पाठवा, मग टेक्निकल टीमला विचारतो. बोलणं इतकं गोड की राग पण येईना. प्रत्येक फेरीत मधे चार दिवस गप्प, आणि असं करत करत परत करायची मुदत निघून गेली. माझ्या मते हे मुद्दामच असतं, जुन्या मशीनमध्ये संशय घ्यायला जागा एवढ्या असतात की माणूस कार्ड सोडून बाकी सगळं तपासत बसतो.

शेवटी कार्ड काढून पीसीच्या रीडरमध्ये घातलं. प्रॉपर्टीज बरोबर २९.८ जीबी दाखवतं, फॉरमॅट पण होतं, त्यावर अजिबात जाऊ नका, कार्डाचा कंट्रोलर जे सांगेल तेच पीसी दाखवतो. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्स-मॅकवर एफ३ चालवा. हे प्रोग्राम एकेक जीबीच्या फाइली लिहून पूर्ण कार्ड भरतात आणि मग सगळं परत वाचून ताडून बघतात. वेळ खातात पण खोटं कार्ड इथे सुटत नाही. माझ्या कार्डात १.९ जीबीच्या आसपास डेटा धड निघाला, बाकी सगळं ओव्हरराइट. म्हणजे दोन जीबीचं कार्ड, कंट्रोलरला ३२ सांगायला शिकवलेलं. आता मगाचं कोडं सुटतं बघा: एफएफएस म्हणजे अमिगाची फाइल सिस्टम, तिचा रूट ब्लॉक (मुख्य यादीचा ब्लॉक) पार्टिशनच्या मधोमध असतो आणि लिहायची सुरुवात तिथूनच होते, माझ्या डीएच१ चा मध्य पावणेदोन जीबीपाशी येत होता, त्यामुळे थोडेसे गेम टाकले की लगेच नसलेल्या जागेत लिहिणं सुरू, आणि ते फिरून डीएच० च्या डोक्यावर. नखाने लेबलचा कोपरा उचलला तर खाली दुसरं लेबल, त्यावरचा “२ जीबी” अर्धवट खरडलेला.

तुम्ही असं काही घेतलं असेल तर अमिगाला लावायच्या आधी पीसीवर हीच टेस्ट करा, आणि पूर्ण कार्डावर करा, अर्धवट नको. टेस्टसाठी कार्ड पीसीवर फॉरमॅट करावं लागतं, त्यात कार्डातलं सगळं जातं. विक्रेते म्हणतात फॉरमॅट केलं तर वॉरंटी जाईल, तर आधी कार्डाची पूर्ण इमेज (जशीच्या तशी कॉपी) काढून ठेवा आणि मग खुशाल करा. लेबलच्या कडा बघा. पैसे साइटच्या बाहेर, थेट खात्यावर मागत असेल (माझ्याकडेही मागितले होते, डिस्काउंटच्या नावाखाली, मी दिले नाहीत) तर तिथेच विषय सोडा. वर्कबेंच आणि गेम भरून दिलेलं कार्ड तर मला आता नकोच वाटतं, ते सॉफ्टवेअर कुठून आलं हा प्रश्न वेगळाच, पण भरलेलं कार्ड पुसायला हात धजत नाही आणि टेस्ट राहूनच जाते.

साइटकडे रिपोर्ट टाकला, टेस्टचा स्क्रीनशॉट आणि लेबलचे फोटो जोडले. मुदत संपल्याने पैसे नाही मिळाले, लिस्टिंग मात्र उडवली. आता तेच फोटो, अगदी टेबलावरच्या ओरखड्यासकट, दुसऱ्या नावाने परत लागलेत आणि कार्ड ६४ जीबीचं झालंय.