एक हात रॉडवर, दुसरा कशावर?

साडेतीन मीटरच्या आसपासची होडी, दोघे जण, सकाळचे चार-पाच तास आणि रीळ-रॉडने मासे गरवायचे (गळाने धरायचे), इतकं ज्याचं ठरलंय पण इंजिन आणि रीळ यांवर तळ्यात-मळ्यात चाललंय, त्याच्यासाठी हे लिहितोय. खोल समुद्रात जाणाऱ्या मोठ्या बोटींचं गणित निराळं असतं आणि त्यात मला फारसं कळत नाही, तेव्हा तिकडे फिरकत नाही.

माझी तीन इंजिनं वापरून झाली. आधी दुसऱ्या हाताचं टू-स्ट्रोक, मग नवं कोरं ४ एचपीचं फोर-स्ट्रोक, आणि आता ५५ पाउंड थ्रस्टची (रेट्याची) १२ व्होल्टवाली इलेक्ट्रिक मोटर. रिळांच्या बाबतीत स्पिनिंग (फेकताना लाइनची गुंडी स्थिर राहते ते) आणि बेटकास्टिंग (गुंडीच फिरते ते), दोन्ही घरी आहेत.

आधी एक कबुली. ४ एचपी घेताना ‘६ घेऊ का’ म्हणून मी महिनाभर घोळ घातला होता. तो वाया गेला. पाणी कापत जाणाऱ्या होडीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. साडेतीन मीटरला तो ताशी आठ-साडेआठ किलोमीटरच्या घरात येतो. त्यापुढे कितीही ताकद लावा, मागची बाजू खाली बसते आणि पाठीमागे लाट तेवढी मोठी होते. होडी पाण्यावर उचलली गेली तरच पुढचा वेग मिळतो, आणि दोन माणसं, नांगर, पेट्या घेऊन ६ एचपीवर ती सहसा उचलत नाही. म्हणजे या आकाराच्या होडीत एचपीची चर्चा बरीचशी पारावरच्या गप्पांसारखी असते, छान रंगते.

टू-स्ट्रोकबद्दल थोडक्यात. हलकं, उघडून दुरुस्त करायला सोपं, कुठल्याही कुशीवर आडवं टाका, तक्रार नाही. पण लिटरमागे २० मिली ऑइल मोजून मिसळायचं, धूर खायचा, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाण्यावर उमटणारा तो इंद्रधनुष्यी तवंग. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या टू-स्ट्रोकमध्ये पाव हिस्स्याच्या आसपास इंधन न जळताच बाहेर पडतं. जिथे गरवायचं तिथेच पेट्रोल सांडत फिरायचं, हे मला दोन हंगामांनंतर बरं वाटेना. जुन्यावर जीव असेल तर वापरा, मुद्दाम शोधून घेऊ नका.

खरी चुरस फोर-स्ट्रोक आणि इलेक्ट्रिक यांच्यात आहे.

फोर-स्ट्रोक माझं अजूनही आवडतं यंत्र आहे. पेट्रोलला कमी, आवाजाला सौम्य, आणि चालू झालं की घड्याळासारखं. वजन पंचवीस किलोच्या पुढे जातं, गाडीत कंपनीने सांगितलेल्या कुशीवरच ठेवावं लागतं (नाहीतर ऑइल सिलिंडरमध्ये शिरतं आणि पहिली दहा मिनिटं निळा धूर), हे सगळं मला चाललं. कार्ब्युरेटरचंही चाललं. महिनाभर पडून राहिलं की जुन्या पेट्रोलचा चिकटा बारीक जेट (पेट्रोलचं छिद्र) बुजवतो, म्हणून घरी परतताना इंधनाचा कॉक बंद करून इंजिन आपोआप विझेपर्यंत चालवायचं, एवढी सवय लावली की भागतं.

न चाललेली गोष्ट वेगळीच होती, आणि ती मला कुठल्याही माहितीपत्रकात सापडली नव्हती.

आम्ही गरवतो ते वाहत. वाऱ्याच्या वरच्या अंगाला जायचं, इंजिन बंद करायचं, वारा नेईल तसं खाली सरकत आमिष फेकायचं, खाली पोचलो की पुन्हा वर. एका सकाळी अशा पंधरा-वीस फेऱ्या सहज होतात, आणि प्रत्येक फेरीला स्टार्टरची दोरी ओढायची. थंड इंजिनाला चोक लागतो, गरमाला लागत नाही. पण पंचवीस मिनिटं बंद राहिलेलं कोमट इंजिन काय मागतं हे त्याला तरी ठाऊक असतं की नाही कोण जाणे. चोक दिला तर जास्त पेट्रोल पिऊन बसतं, न दिला तर चार झटके. आवाजाने मासे पांगतात की नाही यावर वाद घालता येईल. चार झटक्यांत होडी जी डुलते, डबे जे खणखणतात, त्याने पांगत असावेत असा माझा कयास.

तेही सोसलं असतं. एकदा मात्र बुडालेल्या झाडांच्या कडेने वाहत असताना चांगला मासा लागला. वारा होडीला त्या फांद्यांकडेच लोटत होता. मासा नाळेच्या (होडीच्या पुढच्या टोकाच्या) बाजूला, इंजिन मागच्या फळीवर. एका हातात वाकलेला रॉड, दोरी ओढायला दुसरा हात आणि शिवाय पायाचा टेकू. सोबतचा गडी त्या दिवशी आला नव्हता. रॉड गुडघ्यांत धरून मी मागे वळलो, दोरी ओढली, कोमट इंजिन नुसतं खोकलं. दुसऱ्या झटक्याला रॉडचं टोक खाली गेलं, लाइन सैल पडली, मासा गेला आणि होडी फांद्यांत. हे असं पहिल्यांदा झालं तेव्हा नशीब म्हटलं. तिसऱ्यांदा झाल्यावर नशिबाला किती दोष देणार?

इंजिन न्यूट्रलला चालूच ठेवायचं, असं कोणी सुचवेल. ठेवून पाहिलं. लहान इंजिन मंद चालताना जी थरथर करतं ती होडीच्या तळातून बुडाला आणि रॉडच्या मुठीला जाणवते, आणि माशाची हलकी टिचकी ओळखणं मुश्किल होतं. बटण-स्टार्टची इंजिनं असतात, पण ती सर्रास दिसतात आठ-दहा एचपीपासून पुढे. वजन चाळीस किलोच्या घरात आणि बॅटरी परत सोबत आलीच. बॅटरी घ्यायचीच असेल तर मग… असा विचार तिथूनच सुरू झाला. (ओले एव्हिनरूडने १९०९ साली आपलं आउटबोर्ड आणलं तेव्हा ते चाकावरची मूठ हाताने गरकन फिरवून सुरू करावं लागे, आणि ती मूठ बोटांची सालटी काढायची. त्यामानाने आपण सुखी आहोत, हे मान्य.)

इलेक्ट्रिक मोटरवर तोच प्रसंग पुढच्या हंगामात आला. डाव्या हाताने मोटरची मूठ पिळली, होडी फांद्यांपासून दूर निघाली, उजव्या हातातला रॉड हललासुद्धा नाही. मागे जायचं तर मूठ उलटी पिळायची. एवढंच. पण या ‘एवढंच’साठी मी बाकीच्या बऱ्याच गैरसोयी पत्करल्या आहेत, आणि त्या लपवणं बरोबर होणार नाही.

पहिली गैरसोय अर्थात बॅटरी. एक लिटर पेट्रोलमध्ये ९ किलोवॉट-तासांच्या आसपास ऊर्जा असते. १०० अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीत सव्वा. इंजिन त्यातली बहुतेक उष्णता म्हणून उधळतं, तरी ढोबळमानाने एक लिटर पेट्रोल आणि एक आख्खी बॅटरी यांचं पाण्यातलं काम जवळपास सारखंच भरतं. पेट्रोलचा आणखी एक डबा सोबत घेता येतो, बॅटरीचं तसं नाही. माझी मोटर पूर्ण वेगाला ५० अँपिअरच्या आसपास ओढते, म्हणजे सगळा वेळ मूठ पिळून ठेवली तर दोन तासांत खेळ खलास. निम्म्या वेगाला मात्र ओढ इतकी उतरते की पाच तासांची सकाळ मला आजवर पुरली आहे. वेग थोडा वाढवला की ताकद कितीतरी पट लागते, हा पाण्याचा स्वभावच आहे. शिशाची बॅटरी घेत असाल तर तिच्यावर छापलेल्या आकड्यातले निम्मेच आपले समजा. त्याखाली रोज उतरवली तर ती लवकर मान टाकते. शिवाय ती लिथियमच्या दुपटीहून जास्त जड.

थ्रस्टचा हिशेब सांगताना ‘भरलेल्या होडीच्या वजनाच्या दोन टक्के’ असं म्हणतात. साडेतीनशे किलोला सात किलो, म्हणजे पंधरा-सोळा पाउंड. हा शांत पाण्याचा हिशेब झाला. एकदा परतीच्या वेळी समोरून वारा सुटला आणि ५५ पाउंडांवरही किनारा जागचा हलेना. शेवटचा पाऊण तास वल्ही मारत आलो. तुमची जागा दोन-तीन किलोमीटरच्या पलीकडे असेल, किंवा जिथे वारा दुपारी हमखास उलटतो असं मोठं मोकळं पाणी असेल, तर माझं ऐकू नका, पेट्रोल घ्या. खाऱ्या पाण्यात वापरायची असेल तर मोटर त्यासाठीच बनवलेली हवी. गोड्या पाण्याची तिथे टिकत नाही.

दुसरी गैरसोय आमिषाच्या पेटीतून येते. ब्रेडेड (धागे विणून केलेली) लाइन पाण्यावर तरंगते. मासा होडीखालून गेला, मूठ चुकून पिळली गेली, की ती पंख्यात ओढली जाते आणि पंख्यामागच्या शाफ्टवर गुंडाळत रबरी सील कापते. पेट्रोल इंजिनात मग गिअर ऑइलमध्ये पाणी शिरतं. ऑइल दुधाळ दिसलं की समजायचं, आणि वेळेत दिसलं तर सील बदलून भागतं. इलेक्ट्रिकमध्ये मोटर खालीच, पाण्यात असते, त्यामुळे पाणी थेट मोटरीत. माझी एक मोटर अशीच गेली आणि दोष कोणाचाही नव्हता, माझाच होता. आता दर चार-पाच खेपांनी पंख्याचा नट सोडून मागे तंगुसाचा (नायलॉनच्या एकेरी लाइनचा) किंवा ब्रेडचा तुकडा अडकलाय का पाहतो, आणि ब्रेड गडद पिवळीच घेतो, म्हणजे ती कुठे चाललीय हे मला दिसतं. माशाला दिसू नये म्हणून पुढे वाव-दीड वाव (दोन-तीन मीटर) फ्लुरोकार्बनची पारदर्शक लाइन.

नुसता नायलॉन तंगूस का नको? चालेल की. तो ताणला जातो, त्यामुळे होडीजवळ माशाने अचानक मुसंडी मारली तर धक्का सोसतो, आणि नवशिक्याचे गळ उपसले जात नाहीत. पण तीस-चाळीस मीटरवरची टिचकी त्याच ताणात विरघळते. ब्रेड घेणार असाल तर रिळावर तळाशी नायलॉनचे थोडे वेढे आधी द्या, नाहीतर सगळी लाइन अख्खीच्या अख्खी रिळावर घसरते आणि ड्रॅग (मासा ओढेल तशी लाइन सोडणारा रिळाचा ब्रेक) बिघडला म्हणून आपण भलतीकडे शोधत बसतो.

रिळाचा निवाडाही मी हातांवरच केला, जरी तो इतका सरळ नाही. फेकायला बेटकास्टर एका हाताचं काम आहे: अंगठ्याने बटण दाबा, फेका, त्याच अंगठ्याने थांबवा. स्पिनिंगला बेल (लाइन अडवणारी तारेची कडी) उघडायला दुसरा हात लागतो. जड आमिष, नेमकी जागा, दाट झाडी, इथे बेटकास्टरला तोड नाही आणि वापरायला ते जास्त देखणंही वाटतं. पण होडी वाऱ्याने फिरते. फेकता फेकता वारा समोर येतो, आमिष हवेत मंदावतं, रीळ मात्र फिरतच राहतं, आणि लाइनच्या गुंत्याचं जे घरटं तयार होतं ते सोडवायला दोन हात, चष्मा आणि दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांत होडी कोणाच्या भरवशावर? स्पिनिंग रिळात लाइनला पीळ पडतो, सात ग्रॅमच्या आतली आमिषं मात्र ते बिनबोभाट फेकतं, आणि बिघडतं ते हळूहळू, आधी सूचना देऊन. एकटे जाणार असाल तर मी स्पिनिंगकडे झुकेन. सोबत मोटर धरणारं कोणी भरवशाचं असेल तर बेटकास्टरची हौस जरूर करा, मीही त्याच दिवशी करतो.

ड्रॅग मात्र कुठल्याही रिळावर स्प्रिंगकाट्याने मोजून, लाइनच्या ताकदीच्या पाव हिश्श्यावर लावा. बोटांच्या अंदाजाने मी नेहमी दुप्पट घट्ट लावायचो.

फोर-स्ट्रोक विकलेलं नाही. वर्षातून तीन-चारदा, लांबच्या पाण्यावर जायचं झालं की ते मागच्या फळीवर चढतं, आणि तेव्हा मोटर नाळेवर लावून दोन्ही सोबत नेतो. जाताना पेट्रोल, पोचल्यावर बॅटरी. बाकी वेळ ते त्याच्या कुशीवर, कार्ब्युरेटर रिकामा करून, कोपऱ्यात पडून असतं.