असूस प्रोआर्ट बी५५०-क्रिएटर: दोन ग्राफिक्स कार्डं लावून दिवाळी ते मे

दोन ग्राफिक्स कार्डं लावायची असतील तर मदरबोर्ड निवडताना आधी एकच गोष्ट बघा: प्रोसेसरकडून येणाऱ्या लेन, म्हणजे माहितीच्या ने-आणीच्या वाटा, दोन्ही स्लॉटांत वाटल्या जातात का? आरजीबी, वायफाय, हीटसिंकची नक्षी हे सगळं नंतर. हा बोर्ड मी दिवाळीच्या सुमारास घेतला. तेव्हापासून तो जवळजवळ रोज चालतोय आणि नागपूरचा मे महिनाही त्याने काढला. दोन कार्डांच्या मशीनबद्दल मराठीत नीट लिहिलेलं मला तरी फारसं सापडलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी दोन कार्डं कशाला, ते सांगतो. एसएलआय, म्हणजे दोन कार्डं जोडून एकच गेम चालवायची जुनी पद्धत, आता विसरा. एनव्हिडियाने ते २००४ मध्ये आणलं, एटीआयचं क्रॉसफायर पाठोपाठ २००५ मध्ये आलं. दोन्हींत साधारणपणे एक फ्रेम एका कार्डाने आणि पुढची दुसऱ्याने काढायची पद्धत होती. नव्या गेममध्ये मात्र पुढची फ्रेम काढायला आधीच्या फ्रेममधली माहिती लागते, टीएएसारखी कडा गुळगुळीत करणारी तंत्रं त्यावरच चालतात. त्यामुळे ती वाटणी जमेनाशी झाली. २०२१ पासून एनव्हिडियाने ड्रायव्हरमध्ये नवीन एसएलआय प्रोफाइल देणं थांबवलं आणि ३०९० टीआयनंतर गेमिंग कार्डांवरची जोडणीची जागाच गेली. दोन कार्डांची मेमरीसुद्धा कधी बेरीज व्हायची नाही. ८ जीबीची दोन लावली तरी गेमला ८ जीबीच मिळायची.

मी दोन कार्डं लावली ती वेगळ्या कामासाठी. लॉसलेस स्केलिंग नावाचं सॉफ्टवेअर स्टीमवर मिळतं. ते गेमच्या दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक तयार केलेली फ्रेम घालतं. हे काम त्याच कार्डाला दिलं तर गेमचाच वेग थोडा पडतो. दुसऱ्या कार्डाला दिलं तर पहिलं कार्ड निवांत गेम काढत बसतं. माझ्याकडे आरएक्स ६८०० एक्सटी होतंच, जुन्या मशीनमधलं आरएक्स ६६०० रिकामं पडलं होतं. प्रोसेसर रायझन ७ ५८००एक्स३डी. एएम४, म्हणजे या प्रोसेसरचं एएमडीचं सॉकेट, सोडायचं नव्हतं, मग शोध सुरू झाला बोर्डाचा.

इथेच बहुतेक जण फसतात. दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं, "दोन लांब स्लॉट आहेत सर, दोन्ही कार्डं बसतील." बसतात ना, पण स्लॉटची लांबी आणि त्यातल्या लेन यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. एएम४ च्या प्रोसेसरमधून २४ लेन निघतात. त्यातल्या १६ ग्राफिक्सला, ४ एनव्हीएमई एसएसडीला आणि उरलेल्या ४ चिपसेटला, म्हणजे बोर्डावरच्या मदतनीस चिपला, जातात. बी५५० चिपसेटच्या बऱ्याच बोर्डांवर त्या सोळाच्या सोळा पहिल्या स्लॉटला जातात आणि खालच्या लांब स्लॉटला चिपसेटच्या चार लेन मिळतात, त्याही पीसीआय एक्सप्रेस ३.० या जुन्या पिढीच्या. शिवाय चिपसेटवर जे जे असेल, म्हणजे दुसरी एसएसडी, यूएसबी, नेटवर्क, ते सगळं प्रोसेसरपर्यंत एकाच ३.० एक्स४ (चार लेनच्या) वाटेने जातं. काही बोर्डांवर तर दुसरी एम.२ एसएसडी लावली की खालचा स्लॉट बंदच पडतो. हे खोक्यावर नसतं, मॅन्युअलमध्ये बारीक टायपात असतं.

लेनवरून किती माहिती न्यावी लागते त्याचा हिशेब सोपा आहे. १४४० पी ची एक फ्रेम, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले तर, साधारण १४.७ एमबी होते. सेकंदाला १०० फ्रेम पहिल्या कार्डावरून दुसऱ्याकडे न्यायच्या तर दीड जीबीच्या आसपास. ४के ला तेच सव्वातीन जीबीच्या पुढे जातं. ३.० एक्स४ ची कागदावरची मर्यादा सेकंदाला ३.९ जीबीच्या आसपास आहे. म्हणजे १४४० पी ला भागेल, ४के ला श्वास कोंडेल, आणि त्याच वाटेवरून एसएसडीही धावत असेल तर विचारायलाच नको.

या बोर्डावर पहिल्या स्लॉटातल्या सोळा लेन दुसऱ्यात कार्ड लावलं की आपोआप आठ-आठ होतात, दोन्ही ४.० च्या आणि दोन्ही थेट प्रोसेसरमधून. ४.० च्या आठ म्हणजे ३.० च्या सोळाएवढा वेग. ६६०० ला मुळात आठच लेन असतात, त्यामुळे त्याचं काहीच जात नाही. ६८०० एक्सटी एक्स१६ वरून एक्स८ वर आलं, पण कोणत्याही गेममध्ये मला फरक जाणवला नाही. बायोसमध्ये मला हात लावावा लागला नाही. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून बस इंटरफेसच्या ओळीत खात्री करून घ्या, पण तिथलं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालू ठेवा. कार्ड मोकळं असताना वीज वाचवायला १.१ वर उतरतं आणि बघणाऱ्याला उगाच धसका बसतो.

फरक डोळ्यांनी बघायचा म्हणून हीच दोन कार्डं मावसभावाच्या मशीनमध्ये लावून पाहिली. त्याचा बोर्डही बी५५० चाच, पण खालचा स्लॉट चिपसेटवर. एल्डन रिंगसारखा ६० फ्रेमवर बांधलेला गेम १२० वर नेला तर तिथेही छान चालला. मग दुसरा गेम मोकळा सोडला, मूळ वेग शंभराच्या वर गेला आणि त्याच वेळी चिपसेटवरच्या एसएसडीवर मोठी फाइल कॉपी करायला लावली. लगेच चित्र अडखळायला लागलं. कॅमेरा हळू फिरवला की दर काही क्षणांनी एक बारीक हिसका, कॉपी संपली की गायब. माझ्या बोर्डावर तोच खेळ केला तर हिसका नाही. वापरताना पैसे कुठे गेले ते अशा वेळी कळतं.

आता जागेबद्दल, कारण लेन बरोबर असूनही मशीन इथे मार खाऊ शकतं. एटीएक्स बोर्डावर एका स्लॉटपासून पुढच्या स्लॉटपर्यंत २०.३२ मिमी अंतर असतं. माझं ६८०० एक्सटी अडीच स्लॉट जाडीचं आहे. ६६०० बसवल्यावर वरच्या कार्डाचे पंखे आणि खालच्याची पाठ यांच्यात करंगळी जाईल एवढीच फट राहते. दिवाळीत काही वाटलं नाही. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि खोलीत कूलर चालू असताना वरच्या कार्डाचं जंक्शन तापमान, म्हणजे चिपवरच्या सगळ्यात गरम जागेचं, शंभरी गाठायला लागलं. एएमडीची मर्यादा ११० ची आहे, म्हणजे धोका नव्हता, पण पंख्यांचा आवाज हेडफोनमधूनही येत होता. पॉवर लिमिट थोडी खाली आणली, व्होल्टेज उतरवलं, कॅबिनेटच्या तळाला आत हवा ओढणारे दोन पंखे लावले. त्यानंतर तापमान नव्वदीच्या आत आलं आणि फ्रेम जवळजवळ तेवढ्याच राहिल्या. तुमचं कार्ड पूर्ण तीन स्लॉटचं असेल तर खरेदीआधी पट्टी घेऊन मोजाच, नाहीतर दुसरं कार्ड रायझर केबलवर (स्लॉटपासून कार्ड लांब नेणाऱ्या केबलवर) उभं करायची तयारी ठेवा.

बोर्डाचं बाकी वागणं थोडक्यात. बी५५० च्या चिपसेटवर पंखा नसतो, एक्स५७० च्या बहुतेक बोर्डांवर असतो. धुळीच्या गावात हा मोठाच फायदा आहे, कारण तो छोटा पंखा घासायला लागला की फार डोकं उठवतो. बाहेरची उपकरणं वेगाने जोडायचे दोन थंडरबोल्ट ४ आणि दोन २.५ गिगाबिटचे नेटवर्क पोर्ट आहेत. मला थंडरबोल्टचा उपयोग शून्य, पण व्हिडिओ एडिट करणाऱ्याला त्याचीच किंमत वाटेल. निव्वळ गेमिंगसाठी हा बोर्ड महाग पडतो हे खरं आहे. आपण इथे आठ-आठच्या वाटणीचे पैसे देतो आणि थंडरबोल्ट सोबत येतं, असं समजून घ्यायचं.

विजेचंही बघा. ६८०० एक्सटी ३०० वॅटचं, ६६०० १३२ वॅटचं. मी ८५० वॅटचा पॉवर सप्लाय लावलाय. मोठ्या कार्डाच्या आठ-आठ पिनांच्या दोन्ही जोडण्यांना दोन स्वतंत्र केबल दिल्यात, एकाच केबलची दोन टोकं वापरू नका. आधी घरच्या जुन्या यूपीएसवर मशीन लावलं होतं, ते गेम सुरू झाला की किंचाळायचं. आता मोठं घेतलंय.

सेटिंगमधली एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. मॉनिटरची केबल दुसऱ्या कार्डाला लावायची, म्हणजे माझ्याकडे ६६०० ला. मग विंडोज ११ च्या डिस्प्लेमधल्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये गेमसाठी मोठं कार्ड निवडायचं आणि लॉसलेस स्केलिंगमध्ये दुसरं. हे केलं नाही तर गेम छोट्या कार्डावरच चालतो आणि माणूस बोर्डाला शिव्या देतो. केबल मोठ्या कार्डाला लावली तर तयार झालेल्या फ्रेमना परत उलटं यावं लागतं, म्हणजे लेनवर आणखी ओझं. मूळ वेग स्थिर ठेवणंही गरजेचं. मी १६५ हर्ट्झच्या मॉनिटरवर गेम ८० ला बांधतो आणि दुप्पट करतो. माऊस फिरवताना थोडा उशीर लागतोच, त्यामुळे व्हॅलोरंटसारखे स्पर्धेचे गेम मी या पद्धतीने खेळत नाही. गोष्टीचे, हिंडायचे मोठे गेम मात्र फार सुंदर दिसतात. एल्डन रिंगमध्ये घोड्यावरून दरीत उतरताना जी सलगता मिळते, तिच्यासाठी मी हे सगळं पुन्हा केलं असतं.

नवीन मशीन बांधणाऱ्यांसाठी: एएम५ वर प्रोआर्ट बी६५०-क्रिएटर आणि एक्स६७०ई-क्रिएटर आठ-आठ देतात. इंटेलमध्ये बी७६० चा विचार सोडा. तिथे ग्राफिक्सच्या सोळा लेन दोन स्लॉटांत वाटता येत नाहीत, त्यासाठी झेड मालिकेचा चिपसेट लागतो आणि त्यातलेही सगळे बोर्ड ते देत नाहीत. ५६००जी किंवा ५७००जी प्रोसेसर असेल तर तो ३.० च्या पुढे जात नाही, मग ४.० चा बोर्ड घेऊनही वेग तिथेच अडतो. दुसरं कार्ड म्हणून आरएक्स ६४०० किंवा ६५०० एक्सटी स्वस्तात मिळतं, पण त्यांना चारच लेन असतात. ४.० वर ती १४४० पी ला भागवतील, जुन्या ३.० च्या बोर्डावर मात्र मी घेणार नाही. जुना बोर्ड विकत घेत असाल तर विकणाऱ्याकडून दोन्ही स्लॉटांत कार्ड लावलेला जीपीयू-झेडचा फोटो मागा. दोन्ही ओळींत एक्स८ दिसत असेल तरच पैसे द्या.