पुण्यात रोजचे पंधरा किलोमीटर: मेट्रो, पीएमपी, दुचाकी की रिक्षा?

पुण्यात रोजच्या जाण्यायेण्याचा हिशेब बहुतेक जण मधल्या अंतरावरून मांडतात. खरे तर मधले दहा-बारा किलोमीटर कशानेही कापले जातात. पैसा आणि वेळ खातात ती दोन्ही टोके: घरापासून स्थानक किंवा थांबा, आणि उतरल्यावर ऑफिसचे दार. दुसरी गोष्ट म्हणजे साधन निवडताना त्याचा बरा दिवस नव्हे, वाईट दिवस बघायचा. पाऊस, शुक्रवारची संध्याकाळ, लग्नसराई, गणपती. त्या दिवशी जे साधन वीस मिनिटे उशीर करते ते चालेल. सव्वा तास उशीर करते ते नको.

उदाहरणासाठी एकच मार्ग धरू. घर कोथरूडला, वनाझ मेट्रो स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर. ऑफिस विमाननगरला, रामवाडी स्थानकापासून 2 किलोमीटर. रस्त्याने एका वेळचे अंतर साधारण 15 किलोमीटर, महिन्याचे 22 दिवस. पेट्रोल लिटरला 104 रुपये धरले आहे.

| साधन | महिन्याचा खर्च (रुपये) | हिशेब |
|---|---|---|
| मेट्रो + शेवटी बस | सुमारे 1,630 | मेट्रो कार्डावर 10 टक्के सवलतीने 27 × 44 फेऱ्या, बसचे 10 × 44 |
| मेट्रो + शेवटी रिक्षा | सुमारे 2,680 | कार्डावर 27 × 44 फेऱ्या, रिक्षाचे 34 × 44 |
| पीएमपी (शहर बससेवा), थेट बस | 1,320 | 30 × 44 फेऱ्या |
| पेट्रोल स्कूटर | सुमारे 2,200 | 16.5 लिटर पेट्रोल, वर सर्व्हिसिंग-टायरचे 500 |
| मीटरची रिक्षा | सुमारे 11,200 | 255 × 44 फेऱ्या |
| चारचाकी | 6,240 + पार्किंग | लिटरला 11 किलोमीटर, 60 लिटर |

यात एक गंमत आहे. वनाझ ते रामवाडी हे 30 रुपयांचे मेट्रो तिकीट शेवटच्या दोन किलोमीटरच्या रिक्षापेक्षा स्वस्त पडते. घरही स्थानकापासून दोन किलोमीटर लांब असेल आणि तिथेही रिक्षाच करायची असेल, तर महिना 4,200 च्या आसपास जातो आणि स्कूटर निम्म्या पैशांत होते. म्हणजे 'मेट्रो स्वस्त' हे चालत स्थानक गाठणाऱ्यांपुरते खरे आहे.

मेट्रो

6 मार्च 2022 ला वनाझ–गरवारे कॉलेज आणि पीसीएमसी (पिंपरी-चिंचवड महापालिका)–फुगेवाडी हे दोन तुकडे सुरू झाले. रामवाडीपर्यंत गाडी 2024 च्या मार्चमध्ये पोचली आणि स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटी. तिकीट 10 ते 35 रुपये. 'एक पुणे' कार्डावर 10 टक्के सवलत, शनिवार-रविवारी सगळ्यांना 30 टक्के. गाड्या सकाळी 6 ते रात्री 11, गर्दीच्या वेळी सहा-सात मिनिटांनी एक. गाडी तीन डब्यांची, त्यातला एक महिलांसाठी.

वनाझहून रामवाडीला गाडीत 35 ते 40 मिनिटे जातात. पण दारापासून दारापर्यंतचा वेळ धरताना प्रत्येक टोकाला पाच-सहा मिनिटे मिळवा: जिने, सामानाची तपासणी, फाटक, फलाट. तिकिटाच्या रांगेत कार्ड नसलेली माणसे उभी असतात, म्हणून रोजच्या माणसाने कार्ड घ्यावे किंवा तिकीट घरातून निघतानाच मोबाइलवर काढावे.

सिव्हिल कोर्टला (फलकावर 'जिल्हा न्यायालय') गाडी बदलणाऱ्यांची गोष्ट वेगळी. वनाझ–रामवाडीचा फलाट रस्त्याच्या वर आणि स्वारगेट–पीसीएमसीचा जमिनीखाली सुमारे 33 मीटर. दोन्हींच्या मध्ये एकामागून एक सरकते जिने. तरण्या माणसाला पाच मिनिटे, गुडघे धरलेल्याला दहा. सोबत वयस्कर कुणी असेल तर सरळ लिफ्टचा बाण शोधावा, जिन्यांच्या मध्यावर पोचल्यावर लिफ्ट सापडत नाही. कोथरूडहून स्वारगेटला मेट्रोने जायचे का, हा प्रश्न इथेच निकालात निघतो. अंतर इतके कमी आहे की उलटा वळसा घालून जिने उतरण्यापेक्षा थेट बस किंवा रिक्षा बरी. पिंपरीहून मंडई किंवा स्वारगेटला जाणाऱ्याने मात्र दुसरा विचारच करू नये. मंडईत चारचाकी लावायला जागा शोधणारा अजून फेऱ्या मारत असतो तेव्हा तुमची भाजी घेऊन झालेली असते.

मेट्रोची दुखरी नस पार्किंग. सगळ्या स्थानकांना ते नाही आणि जिथे आहे तिथे उशिरा आलेल्याला जागा मिळत नाही. मग दुचाकी गल्लीत लागते आणि तिथे सम-विषमचा फलक असतो. पी-1 म्हणजे विषम तारखेला पार्किंग, पी-2 म्हणजे सम. लोक 'काल इकडे, आज तिकडे' या सवयीने लावतात आणि महिनाअखेरीला फसतात, कारण 31 आणि 1 या दोन्ही तारखा विषम. बाजू बदलायची नसते त्याच दिवशी ती बदलली जाते आणि संध्याकाळी गाडी जागेवर नसते.

पीएमपी

1 जून 2025 पासून टप्पे सोपे झाले आहेत: पहिल्या 5 किलोमीटरला 10 रुपये, 10 पर्यंत 20, 15 पर्यंत 30, असे. दोन्ही महापालिकांच्या हद्दीतला दिवसाचा पास 70 रुपये, महिन्याचा 1,500. पासाचा मोह पडण्याआधी गुणाकार करा. थेट बसने 15 किलोमीटर जाऊन येणाऱ्याला 22 दिवसांत 1,320 रुपयेच लागतात, पास तोट्याचा. एकदा बस बदलावी लागत असेल तर बहुधा पास जिंकतो. 8 आणि 8 किलोमीटरच्या दोन बसना एका वेळी 40 रुपये लागतात, महिन्याला 1,760.

बसची खरी अडचण तिकीट नाही, दोन बसमधला वेळ आहे. दहा मिनिटांनी बस असे लिहिलेले असते आणि पंचवीस मिनिटांनी एकदम दोन येतात. याचे कारण साधे. पुढची बस सिग्नलला थोडी मागे पडली की पुढच्या थांब्यावर जास्त माणसे जमलेली असतात. ती चढेपर्यंत बस आणखी मागे पडते. मागच्या बसला थांबे रिकामे मिळतात आणि ती पुढचीला गाठते. म्हणून पहिलीला लोंबकळण्यापेक्षा मागे बघावे, तिच्यात बसायला जागा असते. 'आपली पीएमपीएमएल' ॲपवर बस कुठे आहे ते दिसते आणि तिकीटही निघते. कंडक्टरकडे क्यूआरवरही पैसे देता येतात, त्यामुळे सुट्ट्यांची जुनी भांडणे जवळपास संपली.

डेपो किंवा पहिल्या दोन-तीन थांब्यांजवळ राहणाऱ्याला पीएमपी चांगली सेवा देते: वेळ पाळली जाते, बसायला मिळते. मार्गाच्या मध्यावर राहणाऱ्याने तिच्या भरवशावर हजेरीचे यंत्र गाठायचा बेत करू नये. बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या मार्गिका, जिथे टिकल्या आहेत, म्हणजे मुख्यतः पिंपरी-चिंचवडच्या रुंद रस्त्यांवर, तिथे बस खरोखर वाहतुकीला मागे टाकते. नगर रस्त्यावरची बीआरटी काढली गेली. तिथे बस आता सगळ्यांसोबतच अडकते.

दुचाकी

पुण्यात 'गाडी' म्हणजे दुचाकी, हे बाहेरून आलेल्याला आठवडाभरात कळते. दारातून दारात, वाटेत दूध आणि मुलाची वही घेत, हे काम दुसरे कुठलेच साधन करत नाही. पंधरा किलोमीटरला 45 मिनिटे ते सव्वा तास, दिवसावर अवलंबून.

तक्त्यातले 500 रुपये जपून वाचा. 22 दिवस गाडी चालवणाऱ्याचे महिन्याला 660 किलोमीटर होतात, वर्षाला सुमारे 8,000. गिअर नसलेल्या स्कूटरचा बेल्ट साधारण 20-25 हजारांवर बदलावा लागतो, म्हणजे अडीच-तीन वर्षांनी. पण पुण्याची वाहतूक त्या आकड्याला जुमानत नाही. रांगेत ताशी पाच किलोमीटरने सरकताना क्लच पूर्ण पकडत नाही, घसरत राहतो, आणि त्या उष्णतेने क्लचचे शू आणि बेल्ट दोन्ही लवकर झिजतात. लक्षण ओळखीचे: सिग्नल सुटल्यावर निघताना गाडी थरथरते आणि पिकअप पडतो. तेव्हाच मेकॅनिककडे बेल्टचे कव्हर उघडून घ्या. बेल्ट तुटला की इंजिन नुसते ओरडते आणि गाडी जागची हलत नाही. हे हमखास पुलाच्या चढावर होते. रांगेत मूठ पिळून ब्रेकवर गाडी धरून ठेवायची सवय सोडली तरी बेल्टचे आयुष्य वाढते.

रोजचे अंतर 30-40 किलोमीटर असेल आणि इमारतीत चार्जिंगचा पॉइंट मिळत असेल, तर इलेक्ट्रिक स्कूटरचा इंधनखर्च महिन्याला 300 च्या आत बसतो: 660 किलोमीटरला चार्जिंगमधली गळती धरून 23 युनिट, युनिटला 12 रुपये. पॉइंटसाठी सोसायटीची परवानगी आधी घ्या, गाडी नंतर बुक करा. उलट क्रमाने गेलेले लोक तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडताना दिसतात.

दुचाकीचा वाईट दिवस पहिल्या पावसाचा. रस्त्यावरचे तेल आणि धूळ पाण्यावर तरंगते, आणि झेब्राचे रंगवलेले पट्टे, गटाराची लोखंडी झाकणे साबणासारखी होतात. त्या अर्ध्या तासात वळणावर ब्रेक लावायचा नाही, वळणाच्या आधी लावायचा.

रिक्षा

1 सप्टेंबर 2022 पासून पहिल्या दीड किलोमीटरला 25 रुपये आणि पुढे किलोमीटरला 17. रात्री 12 ते पहाटे 5 चतुर्थांश जास्त. तोंडी हिशेबाला सोपे सूत्र: किलोमीटर गुणिले 17. या सूत्राने येणारा आकडा खऱ्या भाड्यापेक्षा अर्ध्या रुपयाने जास्तच असतो. ॲपवर दिसणारा आकडा त्याहून बराच वेगळा असेल तर आधी बोलून घ्या, उतरताना नको.

रोजच्या पंधरा किलोमीटरला रिक्षा परवडत नाही हे तक्ता सांगतोच. तिचे काम तीन किलोमीटरच्या आत. तीन किलोमीटरला मीटरने 51 रुपये होतात, दोघे असतील तर माणशी 25-26, बसचे मात्र 10. अडचण अशी की तुम्हाला ती नेमकी हवी असते तेव्हा सगळ्यांनाच हवी असते. पाऊस सुरू झाल्यावर रस्त्यावर हात करण्यापेक्षा मोठ्या रुग्णालयाच्या किंवा मेट्रो स्थानकाच्या दाराशी जावे. तिथे माणसे उतरत असतात, म्हणजे रिकाम्या रिक्षा तिथेच होतात.

चारचाकीबद्दल थोडक्यात: ऑफिसात राखीव पार्किंग आणि गाडीत तिघे असतील तर जमते. एकट्याने जायचे तर दुचाकीचाच रस्ता, त्यात जास्त वेळ आणि तिप्पट पैसे.

हिंजवडी आणि तळेगाव

वरचा हिशेब हिंजवडीला लागू पडत नाही. माण ते शिवाजीनगर ही सुमारे 23 किलोमीटरची, 23 स्थानकांची वेगळी मेट्रो मार्गिका पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची (पीएमआरडीए) आहे. ती तुमच्या थांब्यापर्यंत धावत नसेल तोवर उत्तर एकच, कंपनीची बस. त्यात वेळ तेवढाच जातो, पण भूमकर चौकात क्लच दाबत नाही तर झोपून. कंपनीची बस नसेल तर वेळ बदला. सकाळी 8 च्या आत फाटकात शिरणे आणि साडेदहाला शिरणे यात साधनापेक्षा मोठा फरक आहे.

तळेगाव, देहूरोड, आकुर्डी बाजूच्यांनी लोणावळा लोकल विसरू नये. मासिक पास घेतला तर इतके स्वस्त दुसरे काही नाही. दुपारी गाड्या विरळ आहेत, तेव्हा अर्धा दिवस रजा घेण्याची सवय असेल तर वेळापत्रक खिशात हवे. खडकी, दापोडी, कासारवाडी, शिवाजीनगर इथे लोकल सोडून मेट्रो पकडता येते.

घर भाड्याने घेण्याआधी मार्ग स्वतः तपासायचा असेल तर रविवारी नको. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी 9 ला निघा आणि संध्याकाळी 6:30 ला परत या, दोन्ही वेळा घड्याळ दारापासून दारापर्यंत लावा. परतीचा वेळ जाण्यापेक्षा जवळजवळ नेहमीच जास्त निघतो. घरमालकाने सांगितलेली 'पंधरा मिनिटे' सकाळी सहाची असतात.