ओसीएफएस२: एकीकडे हटवलेले नाव सगळीकडे हटते

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील आमच्या फाउंड्रीत पॅटर्नच्या (ओतकामाचा साचा बनवण्यासाठीच्या नमुन्यांच्या) ड्रॉइंग फाइली सामायिक डिस्कवर असून त्या अनेक सर्व्हर एकाच वेळी वापरतात. त्यासाठी आम्ही लिनक्समधील ओसीएफएस२ ही क्लस्टर फाइल सिस्टिम, म्हणजे एकच डिस्क अनेक सर्व्हरना एकत्र वापरू देणारी फाइल व्यवस्था, निवडली. एका सर्व्हरने फाइल हटवल्यावरही दुसऱ्याच्या कॅशेत (वेगासाठी जवळ ठेवलेल्या तात्पुरत्या नोंदींत) तिचे नाव उरणे, ही अशा मांडणीतली खरी डोकेदुखी. नेटवर्कवरून फाइली वाटून देणारी एनएफएस ही पद्धत मूळ सेटिंगनुसार फोल्डरची ३० ते ६० सेकंद जुनी माहिती चालवून घेते, जे घरगुती वापराला पुरते. ओसीएफएस२ मात्र कॅशेतील नोंदीवर सामायिक लॉक (अनेक सर्व्हरना एकाच वेळी धरता येणारे कुलूप) धरते. नाव हटवणारा किंवा बदलणारा सर्व्हर अनन्य लॉक (एका वेळी एकालाच मिणारे कुलूप) मागतो आणि तो मिळण्याआधी इतरांना आपापली नोंद टाकून द्यावीच लागते. त्यामुळे रद्द केलेले पंप-बॉडीचे ड्रॉइंग शेजारच्या सर्व्हरवरून उघडू पाहिल्यास तत्काळ ‘अशी फाइल नाही’ असेच उत्तर येते, आणि आमच्या पॅटर्न शॉपला नेमके हेच हवे होते. हजारो फाइली एकदम हटवताना मात्र लॉकच्या निरोपांमुळे वेग मंदावतो, म्हणून साफसफाई रात्रपाळीतच ठेवावी.