परदेशातून मागवलेला सोलर चार्ज कंट्रोलर : उन्हाळा, पावसाळा आणि निम्म्या रब्बीनंतर

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या वावरात लाइन आहे, पण पाळीची. कधी दिवसा, कधी रात्री. कुंपणाच्या तारेत झटका सोडणारी झटका मशीन मात्र रात्रभर चालू लागते. ती बंद राहिली की रोही (नीलगायी) आणि रानडुकरं हरभऱ्याचं काय करतात, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणून वावरातल्या खोलीवर सोलर पॅनेल, खाली १२ व्होल्टची बॅटरी आणि मधात, पॅनेलची वीज बॅटरीला बेतानं देणारा चार्ज कंट्रोलर अशी जोडणी आहे. हा कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचा, एका परदेशी संकेतस्थळावरून थेट चीनमधल्या विक्रेत्याकडून मागवलेला. त्याच्या पानावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, २४ महिन्यांची वॉरंटी.

आधी यंत्राबद्दल, कारण ते चांगलं आहे. आमचं पॅनेल ६० सेलचं, भर उन्हात ३० व्होल्टच्या आसपास देणारं. जुना, साध्या पीडब्ल्यूएम प्रकारचा कंट्रोलर पॅनेलला ओढून बॅटरीच्या व्होल्टेजवर आणायचा, त्यामुळे निम्म्याहून जास्त शक्ती वाया जायची. एमपीपीटी जास्तीच्या व्होल्टेजचं रूपांतर करंटमध्ये करतो. फरक पहिल्याच दिवशी दिसला. दुपारपर्यंत बॅटरी भरायची आणि संध्याकाळी फवारणी पंपही त्यावरच चार्ज व्हायचा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला तेव्हा कंट्रोलर आपणहून करंट कमी करायचा. ते योग्यच आहे, तसं नसतं तर तेव्हाच जळला असता. सोबत आलेला तापमानाचा सेन्सर बॅटरीला चिकटवून ठेवा. तापलेल्या बॅटरीला कमी व्होल्टेज लागतं, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात या वायरीवर बॅटरीचं आयुष्य ठरतं.

पावसाळा नीट गेला. दिवाळीनंतर, हरभरा उगवून वर आला तेव्हा, स्क्रीन चालू पण चार्जिंग शून्य. दोन रात्रींत बॅटरी उतरली, तारेतला झटका गेला आणि धुऱ्याकडच्या ओळी रोह्यांनी खाल्ल्या.

विक्रेत्याला मेल केला. उत्तर लवकर आलं आणि नम्र होतं. व्हिडिओ पाठवा, मग पॅनेलचा व्होल्टेज दाखवा, मग दुसरी बॅटरी लावून दाखवा. सगळं दाखवल्यावर कळलं की दुरुस्तीसाठी माल शेन्झेनला पाठवायचा, खर्च आमचा. यवतमाळच्या कुरिअरवाल्यानं सांगितलेला खर्च कंट्रोलरच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. परत येताना कस्टम्सचे कागद पुन्हा आपल्यालाच निस्तरायचे. ते नको असेल तर पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन. संकेतस्थळाची वाद नोंदवण्याची मुदत केव्हाच संपली होती. कार्डावरून दिलेले पैसे बँकेमार्फत परत मागता येतात, पण त्यालाही बहुतेक प्रकारांत साधारण चार महिन्यांचीच मर्यादा असते. वॉरंटी २४ महिन्यांची आणि पैसे अडवण्याची सोय काही महिन्यांची. मधल्या काळात ग्राहकाच्या हातात फक्त विक्रेत्याचा शब्द उरतो.

मग कायदा वाचला, आणि तो खरोखर चांगला आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार ग्राहक राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे आमच्यासाठी यवतमाळ. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. २०२० चेच ई-कॉमर्स नियम भारताबाहेरच्या कंपनीलाही लागू होतात, जर ती इथल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकत असेल तर. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं, असंही त्यात आहे.

पण इथला पत्ता नसेल तर नोटीस बजावणं अवघड, आणि आदेश झाला तर वसूल करायला इथं कोणीतरी लागतं. माझ्या डब्यावर फक्त चीनमधला पत्ता होता. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बाईंनी नीट ऐकून घेतलं, पण समोरची कंपनी भारतात कुठेच नसल्यामुळे गाडी पुढे सरकली नाही.

माझ्या मावसभावानं वर्ध्याला असाच चिनी कंट्रोलर घेतला होता, पण भारतीय संकेतस्थळावरून. थोडा महाग पडला. त्याच्या डब्यावर आयातदाराचं नाव, पत्ता, आयातीचा महिना आणि ग्राहक सेवेचा नंबर छापलेला. आयात केलेल्या पॅकबंद मालावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि ग्राहक सेवेचा नंबर छापणं वैधमापनशास्त्राच्या, म्हणजे वजन-मापांच्या, २०११ च्या नियमांनी बंधनकारक आहे, आणि संकेतस्थळानंही आयातदाराचं नाव दाखवायला हवं. त्याचा कंट्रोलर बिघडला तेव्हा त्यानं तक्रार अधिकाऱ्याला मेल करून आयातदारालाही प्रत टाकली. नवा पीस घरी आला. कारखाना बहुधा त्याच भागातला असेल, पण त्याच्या वॉरंटीमागे भारतातला एक माणूस उभा होता.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. थेट परदेशातून घेताना वॉरंटीची वर्षं किमतीत धरूच नका. वस्तू बिनवॉरंटीची आहे असं समजून भाव जुळत असेल तर घ्या. माझा कंट्रोलर साडेचार हजारांचा, वर कस्टम ड्युटी आणि कार्डावरचा परकीय चलनाचा आकार. इथल्या आयातदाराच्या मालाशी फरक हजाराच्या आतच राहिला. ज्या वस्तूवर पीक राखायचं आहे, तिथं तो हजार वाचवण्यासारखा नाही. छंदाचं सामान, सुटे पार्ट, स्वस्त मीटर खुशाल तिकडून मागवा.

दारव्ह्याच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनी शेवटी तो उघडला. एक मॉसफेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारा भाग, गेला होता आणि त्यावरचा नंबर घासून काढलेला. काकांनी व्होल्टेज मोजून, अंदाज बांधून जास्त क्षमतेचा बसवला. सध्या तो घरी दिवे आणि पंख्यासाठी लावला आहे, आणि नीट चालतो. वावरात आयातदाराचा पत्ता छापलेला नवा कंट्रोलर आहे. त्याचं बिल आणि डब्याचा फोटो मोबाइलमध्ये जपून ठेवलाय. यंत्राला पाचापैकी चार, विक्रेत्याच्या वॉरंटीला शून्य.